ड्रॉइंगचं स्केल आधी ठरवा, प्रिंट मग काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी 28 वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ड्रॉइंगचं काम करतोय. सुरुवात टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर झाली, मग ऑटोकॅड आलं आणि आता सगळं कॉम्प्युटरवरच. दरवर्षी डिप्लोमा आणि आयटीआयची नवी पोरं आमच्याकडं शिकायला येतात, हात चांगला असतो, कमांड पाठ असतात, थ्रीडी मॉडेल तर माझ्यापेक्षा भराभर करतात, पण या ड्रॉइंगचं स्केल, म्हणजे खरी वस्तू कागदावर कितपट काढली ते प्रमाण, काय घेतलंस आणि का घेतलंस असं विचारलं की गप्प बसतात. या विषयावर पेपरात कधी काही छापून येत नाही आणि नुकसान मात्र रोज होतं, म्हणून हे पत्र.

मागल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग आम्ही ए3 वर 1:1 ला, म्हणजे खऱ्या मापाएवढंच, केलं आणि त्यात एका रिबची (मजबुतीसाठी दिलेल्या पातळ फासळीची) उंची द्यायची राहिली, ही चूक आमच्याच ऑफिसची. पीडीएफ व्हॉट्सॲपवर गेली, पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो नमुना, बनवणाऱ्या मिस्त्रींच्या पोरानं ती जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ए4 वर काढून आणली. ए3 चं ए4 केलं की प्रत्येक रेघ 0.707 पट होते, पण टायटल ब्लॉकमध्ये (कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) 1:1 हे अक्षर तसंच छापलेलं राहतं. मिस्त्रींनी त्या अक्षरावर विश्वास ठेवला, बाकी सगळी मापं लिहिलेली होती त्यामुळं कागद मोजून बघायची वेळच आली नाही, फक्त त्या एका रिबला डिव्हायडर लावला आणि 24 मिमी घेतली. खरी होती 34. पॅटर्न झाला, साचे भरले, बीड (ओतीव लोखंड) ओतलं, 40 नग फेटलिंग, म्हणजे साफसफाई, होऊन आले तेव्हा कळलं. सगळे परत भट्टीत गेले. मिस्त्रींचा हात 35 वर्षांचा आहे, त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत आणि मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं.

मापं मोजून घेऊ नयेत, लिहिलेलीच वापरावीत, हे खरंच आहे आणि प्रत्येक ड्रॉइंगवर तशी सूचना असतेच. पण शॉपमध्ये माणूस काय करतो ते ज्यानं बघितलंय त्याला माहीत आहे, माप सापडलं नाही की पट्टी लागतेच. म्हणून स्केल खरं पाहिजे.

आपल्याकडं घोळाचं एक कारण या शब्दातच आहे असं मला वाटतं. आपण फुटपट्टीलाही स्केल म्हणतो, कागदावरच्या प्रमाणालाही स्केल म्हणतो, कॉम्प्युटरमध्ये वस्तू लहानमोठी करायची कमांडही स्केल, आणि पॅटर्न शॉपमध्ये आकस, म्हणजे ओतलेला धातू थंड होताना आकसतो ती घट, धरून बनवलेली काँट्रॅक्शन स्केल ही आणखी चौथी. नवा पोरगा कागदावर बसत नाही म्हणून मॉडेललाच स्केल कमांड मारून अर्धं करतो आणि तिथनं पुढं प्रत्येक माप खोटं. किंवा ग्रे आयर्नला, म्हणजे बीडाला, मीटरमागं साधारण 10 मिमी आकस म्हणून पूर्ण मॉडेल 1.01 नं वाढवून त्याच फाइलवर सेव्ह करतो, आणि मशीनिंगवाल्याला तीच फाइल जाते. आकस धरायचा तर पॅटर्नची फाइल वेगळी, नाव वेगळं, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मूळ मॉडेल कायम पूर्ण मापात, मिलिमीटरमध्ये, 620 म्हणजे 620. स्केल हा कागदाचा विषय आहे, तो लेआउटमध्ये (कागदाची मांडणी करतो त्या पानावर) व्ह्यूपोर्टला, म्हणजे मॉडेल दिसतं त्या चौकटीला, द्यायचा आणि दिला की व्ह्यूपोर्ट लॉक करायचा, नाहीतर माउसचं चाक चुकून फिरलं तरी स्केल हललं.

आता कुठलं घ्यायचं ते. समजा पार्ट 620 लांब, 380 उंच, 250 रुंद. फर्स्ट अँगलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या मांडणीत, समोरचा, वरचा आणि बाजूचा असे तीन व्ह्यू मांडले तर आडवे 620 अधिक 250 म्हणजे 870 आणि उभे 380 अधिक 250 म्हणजे 630. ए3 कागद 420 बाय 297, डावीकडं 20 आणि बाकी तिन्हीकडं 10 ची बॉर्डर सोडली की हातात 390 बाय 277 उरतात. 1:2 ला 435 बाय 315 लागतात, बसत नाही. इथं पोरं काय करतात, प्लॉटच्या खिडकीत ‘फिट टू पेपर’ वर टिक करतात आणि 1:2.37 असलं काहीतरी निघतं, जे कुठल्याही पट्टीनं वाचता येत नाही, आणि टायटल ब्लॉकमध्ये मात्र सवयीनं 1:2 लिहिलेलं असतं. आयएस 10713 या भारतीय मानकात ठरलेली प्रमाणं आहेत, लहान करायला 1:2, 1:5, 1:10, 1:20, 1:50, 1:100 अशी आणि मोठं करायला 2:1, 5:1, 10:1, त्यातलंच घ्यायचं. मग 1:5 घेऊ? बसतंय, 174 बाय 126, अर्ध्याच्या वर कागद मोकळा, पण 6 मिमीची रिब कागदावर 1.2 मिमी होते आणि फिलेट, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई, तर दिसतच नाही. माझं मत स्पष्ट आहे, अशा वेळी कागद मोठा घ्या. ए2 वर 1:2 ला व्यवस्थित बसतं, मापं लिहायला जागा राहते, आणि जिथं गुंतागुंत आहे त्या कोपऱ्याचा डिटेल वेगळा 1:1 किंवा 2:1 ला काढा आणि त्याच्याखाली त्याचं स्केल लिहा. दहा-वीस रुपये कागदाचे वाचवायला आपण हजारांचं बीड वाया घालवतो.

आणि कागद वाचणारा कुठं उभा आहे हे डोळ्यासमोर आणा. आपण ए.सी. मध्ये 24 इंची स्क्रीनवर झूम करून बघतो, तो मोल्डिंगच्या धुळीत, हाताला तेल, डोक्यावर एक ट्यूब. ए2 वरचं 3.5 मिमीचं अक्षर ए4 वर काढलं की 1.75 मिमी उरतं. ते 3 आहे का 8 हे कुणी कसं सांगायचं?

घरांच्या नकाशातही हेच चाललंय. प्लॅन 1:100 ला असतो, 230 ची भिंत कागदावर 2.3 मिमी. आपले बांधकामाचे मिस्त्री फुटात विचार करतात, त्यांच्याकडची पट्टी एक सूत (इंचाचा आठवा भाग) म्हणजे एक फूट अशी, आणि ते प्रमाण 1:96 येतं. 12 फुटांची खोली 1:100 च्या प्लॅनवर 36.58 मिमी आहे, ती त्या पट्टीनं मोजली तर साडेअकरा फूट भरते. अर्धा फूट गेला आणि चूक कुणाचीच दिसत नाही! फुटातच द्यायचं असेल तर 1:96 किंवा 1:48 लाच प्रिंट काढा, आणि संडास-बाथरूमचे पाइप, जिन्याच्या पायऱ्या, फुटिंग (खांबाचा पाया) हे 1:100 वर कोंबू नका, 1:20 ला वेगळं द्या. बाहेरून आलेली फाइल इंचात आहे का मिलिमीटरमध्ये हेही उघडल्या उघडल्या बघा, नाहीतर आणलेला ब्लॉक 25.4 पट मोठा होऊन बसतो.

त्या ब्रॅकेटनंतर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. प्रत्येक शीटवर खाली बरोबर 100 मिमीची एक रेघ असते, दोन्ही टोकांना टिक आणि वर लिहिलेलं ‘ही रेघ 100 मिमी भरली तरच मोजा’. स्केलच्या शेजारी कागदाचा साइजही लिहितो, ‘1:2, ए2 वर’ असा. पट्टी लावायला पाच सेकंद लागतात. रेघ 71 भरली की मिस्त्री फोन करतात, आत्तापर्यंत तीनदा आलाय आणि तीनही वेळा ए3 ची प्रिंट ए4 वर निघालेली होती.

झेरॉक्सच्या दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे, ड्रॉइंगची पीडीएफ आली की ‘ॲक्च्युअल साइज का फिट?’ एवढं विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी फिटच लावून ठेवलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. आणि आपल्या भागातल्या पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या सरांना सांगणं आहे, सबमिशनची शीट स्क्रीनवर तपासून सोडू नका. कागदावर काढायला लावा, पोराच्या हातात पट्टी द्या आणि त्याचं त्यालाच एक माप मोजून दाखवायला सांगा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही कामाला गेला तरी पहिल्या दिवशी त्याला तेच करायचंय.

आपला,
एक ड्राफ्ट्समन, उद्यमनगर, कोल्हापूर