जखमी व्हेलचीही गणती व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर अटलांटिक महासागरातील राइट व्हेल या देवमाशांविषयी मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून जे छापून येते, त्यात भर असतो तो मेलेल्या प्राण्यांच्या संख्येवर. या जातीचे जेमतेम 380 प्राणी उरले आहेत आणि त्यांतल्या प्रजननक्षम माद्या सुमारे 70 आहेत. 2017 या एकाच वर्षी कॅनडा आणि अमेरिकेच्या किनाऱ्यांलगत 17 व्हेल मेलेले आढळले, तेव्हा ती बातमी मोठी होणे साहजिक होते. मात्र ही जात जितकी मृत्यूंनी खचते आहे, तितकीच जखमांनीही खचते आहे आणि त्याची दखल घेतली जावी, यासाठी हे पत्र.

लॉबस्टर आणि खेकडे पकडण्याचे पिंजरे समुद्रतळाशी असतात आणि त्यांचा दोर वर तरंगत्या बोयापर्यंत उभा ताणलेला असतो. राइट व्हेलपैकी 85 टक्क्यांहून अधिक प्राणी आयुष्यात एकदा तरी अशा दोरात अडकलेले आहेत. जबड्याभोवती किंवा शेपटीला गुंडाळलेला दोर मांसात रुतत जातो आणि तो महिनोन्‌महिने ओढत पोहण्यात अंगावरची चरबी झिजते. पिल्लाला जन्म देऊन दूध पाजायचे ते याच चरबीच्या बळावर. त्यामुळे पूर्वी साधारण तीन वर्षांनी विणाऱ्या माद्या आता सहा ते दहा वर्षांनी वितात. ही न जन्मलेली पिल्ले मृतांच्या कोणत्याही यादीत येत नाहीत.

संशोधकांनी ‘स्नो कोन’ असे नाव दिलेल्या मादीचे पहिले पिल्लू 2020 मध्ये न्यू जर्सीजवळ जहाजांच्या धडकेने मेले. पुढच्या वर्षी ती स्वतः दोरात अडकली आणि त्याच अवस्थेत, डिसेंबर 2021 मध्ये, तिने दुसऱ्या पिल्लाला जन्म दिला. सप्टेंबर 2022 मध्ये ती दिसली तेव्हा पिल्लू सोबत नव्हते, अंगावर नवा दोर होता आणि ती अतिशय खंगलेली होती. त्यानंतर ती कोणालाही दिसली नाही. हे वाचून मन विषण्ण होते, कारण यातले काहीही अटळ नव्हते.

अमेरिकेत 2008 पासून 65 फूट वा त्याहून लांब जहाजांना ठरावीक हंगामात, ठरावीक पट्ट्यांत 10 नॉटची (ताशी सुमारे 18.5 किलोमीटर) वेगमर्यादा आहे. पण छोट्या नौकांच्या धडकाही जीवघेण्या ठरतात. ही मर्यादा 35 फूट वा त्याहून लांब नौकांनाही लागू करण्याचा 2022 मधील प्रस्ताव जानेवारी 2025 मध्ये मागे घेण्यात आला, हे मला अत्यंत चुकीचे वाटते. दोराचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्यात मच्छीमारांची रोजीरोटी गुंतलेली आहे. ध्वनिसंकेत मिळाल्यावरच बोया वर सोडणारी, म्हणजे एरवी पाण्यात उभा दोर न ठेवणारी उपकरणे आज उपलब्ध आहेत, परंतु ती महाग आहेत. तो खर्च एकट्या मच्छीमारावर न लादता दोन्ही देशांच्या सरकारांनी उचलावा, कारण या प्राण्यांच्या रक्षणाचे कायदे त्यांनीच केले आहेत.

आपली,
एक नियमित वाचक