खोका लावण्याआधी वहिनींना विचार

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

मील किटचा खोका लावावा का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी "सावकाश सांगतो" म्हणून विषय पुढे ढकलला. आमच्याकडे तो चांगला चालला, म्हणजे तुमच्याकडे चालेलच असं नाही. तुम्ही पाच माणसं, त्यात काकूंचं पथ्य, ओंकारच्या खाण्याच्या तऱ्हा आणि तुम्हा दोघांच्या नोकऱ्या. एवढं सगळं धरून बोलायचं तर पत्रच हवं.

बोलताना तू दोनदा म्हणालास, "म्हणजे संध्याकाळच्या स्वयंपाकाची कटकट गेली." ती जात नाही रे. खोक्यात शिजवलेलं काही नसतं. ठरलेल्या पदार्थांपुरता मोजून दिलेला कच्चा माल असतो आणि सोबत छापील कृती. धुणं, चिरणं, परतणं आणि शेवटी भांडी, हे सगळं आपल्याच वाट्याला. मसाल्याच्या पुड्या आणि सॉस तयार येतात, तेवढंच वरकाम कमी. खरं वाचतं ते वेगळंच. आज काय करायचं हे ठरवायला लागत नाही; आणि काय आणायचं, किती आणायचं, घरात काय उरलंय याची जी यादी सतत डोक्यात चालू असते, ती थांबते. तुमच्या घरचं दुखणं हे असेल तर खोक्यानं गुण येईल. पण दोघंही दमून घरी येता आणि ओट्याशी उभं राहायची कुणातच ताकद उरत नाही, हे दुखणं असेल तर खोक्याच्या वाटेला जाऊ नकोस. त्यापेक्षा तयार जेवण मागवलेलं बरं. नाहीतर फ्रिजमध्ये तारीख उलटत चाललेल्या पुड्या बघून चिडचिड होते, आणि शेवटी बाहेरून मागवलंच की दोन्हीकडचे पैसे जातात.

म्हणून मला विचारण्याआधी वहिनींना विचार. "खोका लावू या का?" असं नको. "रोजच्या स्वयंपाकातलं सगळ्यात नकोसं काय वाटतं?" एवढंच विचार आणि गप्प बसून ऐक. बहुतेक घरांत ठरवण्याचं काम एकाच माणसाच्या डोक्यावर असतं आणि ते एक काम आहे याचा बाकीच्यांना पत्ताही नसतो. जेवण ताटात येतं, त्याच्या आधीचं कुणी बघत नाही.

आमच्याकडे खोक्याचा मोठा फायदा इथेच झाला, आणि जाहिरातीत त्याचा कुठे उल्लेख नव्हता. आधी सगळ्या कृती नीताच्या डोक्यात असायच्या. मदत करायची म्हटलं तरी दर दोन मिनिटांनी तिलाच हाक मारावी लागायची, त्यापेक्षा "राहू दे, मीच करते" हे तिला सोपं पडायचं. खोका आला तशी कृती कार्डावर आली, आणि कार्ड कुणालाही वाचता येतं. थोरल्याचा पहिला स्वयंपाक मला अजून दिसतो. त्यानं कार्ड मिठाच्या बरणीला टेकवून उभं केलं, पुड्या चित्रांतल्या क्रमानं ओट्यावर मांडल्या आणि मोबाइलवर टायमर लावून कांदा परतायला घेतला. कार्डावर होतं, मध्यम आचेवर पाच मिनिटं. पाच मिनिटं व्हायच्या बऱ्याच आधी कांद्याच्या कडा काळपट व्हायला लागल्या, तरी हा पठ्ठ्या टायमरकडे बघत उभा. बाहेरच्या खोलीतून नीता न उठता म्हणाली, "गॅस बारीक कर आणि पाण्याचा हबका मार." तिला तिथे बसून वासावरून कळलं होतं. कार्डाला नाक नसतं हे खरं, पण कार्ड नसतं तर हा मुलगा ओट्यापाशी गेलाच नसता. हल्ली आठवड्यातला एक स्वयंपाक त्याचा असतो आणि टायमर तो कधीच विसरला.

नीताची एक मैत्रीण याला आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणते. असेना का. ज्याला काहीच येत नाही त्यानं निदान रेघोट्यांनी सुरुवात केली, तर बिघडलं कुठे?

आता तुमच्या घराचा हिशेब. बहुतेक कंपन्यांची मापं दोन किंवा चार माणसांची असतात. पाचजणांच्या घराला चारचा खोका अपुरा पडतो आणि वर दोनचा घेतला तर उरतं. चारचाच घेऊन घरचं एखादं साधं काही जोडीला करायचं, हा मार्ग चालतो. मात्र मग "स्वयंपाक खोक्यावर" असं म्हणता येत नाही. ओंकारची भूक आता मोठ्या माणसाइतकी असेल, तेही धर. कार्डावर जी अर्ध्या तासाची वेळ छापलेली असते ती सराईत हाताची. सुरुवातीला पाऊणएक तास लागेल असंच समजून चाल, म्हणजे सगळे भुकेले होऊन एकमेकांवर खेकसणार नाहीत.

शिवाय खोका येतो तो आठवड्यातल्या तीन-चार रात्रींपुरता. सकाळचं खाणं, दुपारचे डबे, दूध, फळं, तेल-मीठ हे सगळं बाजारातूनच आणायचं. बाजाराच्या फेऱ्या कमी होतात, संपत नाहीत. हे कुणी आधी सांगत नाही आणि मग पहिल्या महिन्याचा खर्च बघून लोक हबकतात.

काकूंच्या रक्तदाबाचं मात्र नीट बघ. भाजी, धान्य यांत गडबड नसते, गडबड सॉसच्या आणि मसाल्याच्या पुडीत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे साधारण २ ग्रॅम सोडियम. पुडीच्या किंवा कार्डाच्या मागे सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचनं गुण, म्हणजे मिठाचा अंदाज येतो. एका ताटात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ तिथेच झालं, वरून चिमूटभरही न टाकता. सॉसची पुडी अर्धीच घालायची किंवा काकूंचा वाटा आधी बाजूला काढायचा, असं करता येतं. पण ते आठवणीनं करणारं माणूस स्वयंपाकघरात हवं. आणि कुणाला शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी असेल तर पदार्थ निवडून भागत नाही, सगळा माल एकाच ठिकाणी पॅक होतो का तेही विचारावं लागतं.

पैशाचं बोलायचं तर महाग की स्वस्त हे कशाच्या जागी घेतोस त्यावर आहे. हॉटेलातून मागवण्याच्या जागी खोका आला तर बहुधा पैसे वाचतील. बाजारहाट करून रांधण्याच्या जागी आला तर नक्की जास्त जातील. तुमच्याकडे महिन्याला बाहेरून किती मागवता ते मोबाइलमध्ये बघ, आकडा समोरच दिसेल. आणि हिशेब पहिल्या खोक्याच्या किमतीवर करू नकोस. सवलत संपल्यानंतरची किंमत, त्यात पोचवण्याचा आकार, आणि भागिले खरोखर जेवलेली माणसं.

सवलती एवढ्या भरमसाट का असतात, याच्यामागे या धंद्याचा इतिहास आहे. ही कल्पना २००७ च्या सुमारास स्वीडनमध्ये सुरू झाली. २०११ मध्ये बर्लिनला हॅलोफ्रेश निघाली, २०१२ मध्ये न्यूयॉर्कला ब्लू एप्रन. गिऱ्हाईक मिळवणं सोपं आणि टिकवणं अवघड, हे सगळ्यांचंच रडगाणं. लोक स्वस्तातले पहिले खोके घेतात आणि गळतात. ब्लू एप्रनचा शेअर २०१७ साली मोठा गाजावाजा होऊन बाजारात आला आणि २०२३ मध्ये ती कंपनी पूर्वीच्या मानानं मातीमोलानं विकली गेली. २०२० च्या टाळेबंदीत हॅलोफ्रेशची विक्री आदल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त झाली होती, पण सगळे घरात अडकले होते तेव्हाची ती गोष्ट. शेफ्ड नावाची अमेरिकन कंपनी तर २०१८ मध्ये एकाएकी बंदच पडली. तेव्हा सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून मोठी सूट, असली योजना कितीही गोड वाटली तरी नको.

आणि बहुतेक ठिकाणी हे सबस्क्रिप्शन असतं. तू काही केलं नाहीस तर पुढच्या आठवड्याचा खोका आपोआप निघतो आणि पैसे कापले जातात. आठवडा वगळायची मुदत खोका यायच्या कित्येक दिवस आधी संपते. आम्ही ज्यांच्याकडून घ्यायचो त्यांच्या ॲपमध्ये "वगळा" लगेच सापडायचं, "बंद करा" मात्र चार पडदे ओलांडून. तेव्हा नाव नोंदवण्याआधी बंद कसं करायचं ते शोधून ठेव. गावाला जाण्याचे आठवडे सुरुवातीलाच वगळून टाक.

वहिनींना प्लास्टिकचा राग येईल, यात शंका नाही. आमचा पहिला खोका उघडला तेव्हा नीताही वैतागली होती. बाहेर पुठ्ठा, आत जाड अस्तर, तळाशी बर्फाच्या जेलच्या दोन गार पिशव्या, आणि लसणाच्या दोन पाकळ्यांना स्वतंत्र पुडी! दोन पाकळ्यांना! पण कचरा डोळ्यांना दिसतो तेवढा हिशेब सोपा नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये पाच पदार्थ घेऊन खोक्यातलं जेवण आणि दुकानातून सामान आणून केलेलं तेच जेवण यांची तुलना केली. एका जेवणामागे सरासरी उत्सर्जन खोक्याचं ६.१ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं आणि दुकानातल्या सामानाचं ८.१ किलो निघालं. वेष्टनं खोक्यात जास्तच होती; पण दुकानात आणि घरात जे अन्न वाया जातं ते मोजून दिलेल्या मालात फारसं जात नाही, शिवाय एकच गाडी अनेक घरं करते. आता तुमच्याकडे काकू कोथिंबिरीची काडीसुद्धा वाया जाऊ देत नाहीत, त्यामुळे तो फायदा तुम्हाला कमीच. ज्या घरात शनिवारी फ्रिज साफ करताना अर्धी भाजी टाकून दिली जाते, त्यांचं गणित निराळं. जेलच्या पिशव्यांबद्दल एक सांगून ठेवतो: त्यातलं जेल बेसिनमध्ये ओतू नका, ते पाणी धरून फुगतं आणि नळी तुंबते.

खोका येईल तेव्हा घरी कुणी असणार आहे का? मांस, मासे, दुधाचे पदार्थ ४ अंशांच्या आत थंड राहायला हवेत. अमेरिकेचं कृषी खातं सांगतं की असा माल त्याहून गरम हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. जेलच्या पिशव्या अर्धवट गोठलेल्या असतील तर काळजी नाही. पूर्ण वितळून कोमट झाल्या असतील तर फोटो काढ, पैसे परत माग आणि तो माल खाऊ नका. काकू दिवसभर घरी असतात हे बरं आहे, पण खोका जड असतो, त्यांना उचलायला लावू नकोस.

माझं मत विचारशील तर तुमच्यासाठी दोन-तीन महिन्यांपुरता खोका ठीक, कायमचा नाही. आम्हीही आता घेत नाही. कार्डं तेवढी जपून ठेवली आहेत आणि त्यातले आवडलेले पदार्थ बाजारातून सामान आणून करतो. काही पदार्थ सपशेल मिळमिळीत होते, ती कार्डं टाकून दिली.

आणि खोका मागवायच्या आधी एक फुकटचा प्रयोग कर. बऱ्याच कंपन्या आपली कार्डं वेबसाइटवर कुणालाही बघायला ठेवतात. त्यातली तीन निवड. वहिनींनी नाही, तू किंवा मुग्धानं निवडायची. सामानही तुम्हीच मोजून आणा आणि तीन रात्री तू, मुग्धा आणि ओंकार अशा तिघांनी पाळीपाळीनं रांधा. वहिनींनी त्या वेळी स्वयंपाकघरात पाऊलही टाकायचं नाही, असं आधीच ठरवून घ्या. सामान आणण्याचाच कंटाळा आला तर खोका मागव, तुला त्याचे पैसे वसूल वाटतील. ओट्याशी उभं राहण्याचाच कंटाळा आला तर नाद सोड. आणि दोन्ही जमलं तर मला कळव, मी आमची चांगली कार्डं फोटो काढून पाठवतो. ओंकारला चालतील अशी चार-पाच तरी त्यात नक्की आहेत.

वहिनी काय म्हणाल्या ते मात्र जसंच्या तसं लिही, तुझ्या शब्दांत नको. काकूंना माझा नमस्कार सांग. नीतानं मुग्धाला मुद्दाम आठवण सांगितली आहे.

तुझा,
विनायक