हात बसला नाही म्हणजे क्षमता नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

15 जुलैच्या जागतिक युवा कौशल्य दिनानिमित्त आपण छापलेला लेख वाचला. मथळा होता 'तरुणांमध्ये क्षमतेचा अभाव'. आत मात्र लेखक सगळीकडे 'स्किल गॅप'बद्दल बोलत होते. इंग्रजीत पोरांकडे स्किल नव्हतं. मराठीत येईपर्यंत क्षमताच गेली! आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा, म्हणून तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे गप्प बसवेना.

वर्कशॉपमध्ये हे शब्द वेगळे ठेवावेच लागतात. कपॅसिटी म्हणजे किती मावेल, किती पेलेल. एसटीत 'आसनक्षमता' लिहिलेली असते ती हीच. कॅपॅबिलिटीचं तसं नाही. आमचा एक जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, होता, बेड झिजलेला. भलामोठा जॉब (घडवायचा तुकडा) धरायचा, पण 20 मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या, आत काम दे म्हटलं की हात टेकायचा. कपॅसिटी होती, कॅपॅबिलिटी गेलेली. अ‍ॅबिलिटी म्हणजे नुसतं 'करता येणं', मग ते उपजत असो की कमावलेलं. स्किल मात्र कमावलेलंच असतं. आपण 'हात बसला' म्हणतो ना, ते. (इंग्रजी बोलणारेही हे शब्द सैल वापरतात, हे मान्य. पण मथळा देताना आपण तरी सैल राहू नये.)

नव्या मुलाच्या हातात कानस दिली की ती झोपाळ्यासारखी वरखाली होते. जॉब मधे फुगतो, कडांना उतरतो. त्यावर ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या, ठेवून उजेडाकडे धरला की फट दिसते. म्हणजे मला दिसते. त्याला दिसतच नाही. तो म्हणतो, "सर, सरळ तर आहे." दोन-तीन महिन्यांनी तोच मुलगा आपणहून सांगत येतो, "सर, डावीकडनं उजेड येतोय." हात अजून कच्चाच असतो, पण मी निर्धास्त होतो. पुढे कधीतरी शब्दकोशात पाहिलं, तर 'स्किल' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलेला आणि तिथे त्याचा अर्थ भेद, पारख असा. डावीकडचा उजेड दिसणं ते हेच की! आपला 'कुशल'ही असाच. हात न कापता कुश गवत तोडून आणणारा तो कुशल, अशी त्याची फोड जुने पंडित करत.

अ‍ॅप्टिट्यूडची गंमत तर सरकारनेच केली आहे. शिक्षकांच्या परीक्षेत ती 'अभियोग्यता' असते, दहावीच्या मुलांसाठी घेतलेल्या चाचणीत ती 'अभिक्षमता' होती. माझी आजी 'पोराला हिशेबात गती आहे' म्हणायची. तेवढ्यात काम भागत होतं.

हा शब्दांचा कीस नव्हे. किमान वेतनाच्या अधिसूचनेत कामगार कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे विभागलेले असतात आणि त्यावर पगार ठरतो. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची थप्पी लावणाऱ्या हमालाला कुणी अकुशल म्हणालं, तर म्हणणाऱ्याने एक थप्पी लावून दाखवावी. चौथ्या थरालाच कळेल.

जत तालुक्यातला एक मुलगा होता. हात थरथरायचा. पहिले तीन जॉब भंगारात गेले. एका कारखान्याचे साहेब पाहणीला आले होते, त्यांनी त्याच्या नावापुढे इंग्रजीत लिहिलं, 'नो अ‍ॅबिलिटी'. मी म्हटलं, "साहेब, 'नॉट येट स्किल्ड' लिहा. पोराला येऊन तीन महिने झालेत." ते हसले. कागदावर तसंच राहिलं. पोराने ते वाचलं होतं, हे मला नंतर कळलं. आठ दिवस तो आलाच नाही. शेवटी त्याच्या गावी जाऊन त्याला घेऊन आलो.

म्हणून विनंती एवढीच, की त्या मथळ्याची दुरुस्ती छापावी. 'तरुणांमध्ये कौशल्याचा अभाव' असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न 'मग शिकवलं कुणी नाही?' असा येतो आणि तो आम्हा शिकवणाऱ्यांवर येतो. येऊ द्या. 'क्षमतेचा अभाव' म्हटलं की विषयच संपतो, पोराच्या माथी मारून.

त्या मुलाने दुसऱ्या वर्षी केलेला मेल-फिमेल फिटिंगचा जॉब माझ्या टेबलावर आहे. दोन्ही भाग जुळवून उजेडाकडे धरले तर मधून काही दिसत नाही. हे पत्र लिहिताना पंख्याने कागद उडत होते, त्यावर तोच ठेवला होता.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सांगली