जुन्या घरांचे जमीनभाडेही रद्द व्हावे

महोदय,
इंग्लंड-वेल्समध्ये ३० जून २०२२ पासून घरांच्या नव्या दीर्घ मुदतीच्या लीजवर (भाडेपट्ट्यावर) जमीनभाडे, म्हणजे फ्लॅटधारकाने जमीनमालकाला दरवर्षी द्यायचे भाडे, आकारता येत नाही. कायदा चांगलाच, पण जुन्या फ्लॅटधारकांना त्याने वाऱ्यावर सोडले. काही करारांत हे भाडे दर दहा वर्षांनी दुप्पट होते. आज २५० पौंड, तर पन्नास वर्षांनी ८,०००! बदल्यात काहीच मिळत नाही. जिन्याच्या झाडलोटीचा सर्व्हिस चार्जही वेगळा. असा फ्लॅट विकायला काढला, की बँका गिऱ्हाइकाला कर्ज द्यायला कांकू करतात. शेजारच्या स्कॉटलंडने सरंजामी जमीनपद्धत २००४ मध्येच मोडीत काढली. जुन्या करारांवरचे भाडेही ब्रिटिश संसदेने शून्यावर आणावे. भारतीय पासपोर्टवरही इथे मतदान करता येते; मराठी मंडळींनी आपापल्या खासदाराकडे हा विषय लावून धरावा.

– एक वाचक, लंडन