मेस्त्री, तुम्ही माझ्या कानावर विश्वास ठेवलात

मेस्त्री,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं मेस्त्री. कुडाळ-वेंगुर्ला रस्त्यावर ज्यांच्या गाड्या तुमच्या हाताखालून जातात त्यांना कळेलच. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, त्याला तुम्ही नाही म्हणू नका.

कंपनीचे शॉकअप पार बसले होते. आंबोलीच्या वळणांवर गाडी झोके खायची, ब्रेक मारला की नाक खाली घालायची. म्हणून पैसे साठवून हौसेने कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग अंगावरच चढवलेले शॉकअप, बसवून घेतले. बाहेरून आटे पाडलेले, हवी ती उंची ठरवता येते, वळणावर गाडी रस्ता धरून ठेवते. वस्तू चांगलीच होती. बसवणाऱ्यांनी मात्र वाट लावली.

स्टिअरिंग फिरवलं की पुढून ‘टणंग’. स्पीडब्रेकरवर खडखड. आणि वळणावर आतून कुठेतरी खर्रर्र असं घासणं. आईने तर गाडीत बसणंच सोडलं. सावंतवाडीला डॉक्टरकडे जायचं तरी एसटीने जायची.

ज्या मोठ्या शहरातल्या दुकानात काम करून घेतलं, तिथे तक्रार घेऊन गेलो. काचेच्या केबिनमधला माणूस जागचा हललाही नाही. “कॉइलओव्हर आहे साहेब, आवाज येणारच. नको असेल तर जुने शॉकअप परत टाका.” दुसऱ्या एका गॅरेजात स्प्रे मारून दिला आणि पैसे घेतले. तिसऱ्याने कडकपणाची खुंटी शेवटपर्यंत पिळली, म्हणजे आवाज तसाच आणि वर पाठीचे हाल. आणि एकाने, हे मी विसरणार नाही, टेपचा आवाज वाढवून दाखवला. “आता येतो का आवाज?” बाजूची पोरं हसली.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझं बोलणं आधीच निम्म्यावर आलं होतं. सांगून काय उपयोग, असं झालेलं. तुम्ही हात पुसत बाहेर आलात, म्हणालात, “तुका आयकाक येता म्हणजे कायतरी आसा.” बस, एवढंच. मग पोराला स्टिअरिंगवर बसवलंत, माझा हात मनगटाला धरून टायरच्या वरून आत नेलात आणि स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला टेकवलात. “बोटां आत घालू नको. नुसतो तळवो ठेव.” पोराने स्टिअरिंग फिरवलं. स्प्रिंग आधी गप्प राहिली, पिळ खात गेली, आणि एकदम माझ्या तळव्याखाली उडी मारल्यासारखी सुटली. टणंग! “लागला मां हाताक?” तुम्ही विचारलंत.

मेस्त्री, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तुम्ही पाहिलंत की नाही माहीत नाही. इतके दिवस जे मला ‘तुमच्या मनात भरलंय’ म्हणून सांगितलं जात होतं, ते तुम्ही माझ्याच हाताला दाखवलंत. तुम्ही स्वतः हात लावून ‘हो, आहे’ म्हणाला असतात तरी काम झालं असतं. माझा हात तिथे ठेवायची तुम्हाला काही गरज नव्हती.

पुढचं काम तुमच्यासाठी रोजचंच. शॉकअप वर गाडीला जिथे जोडतात त्या माउंटमधला वॉशर उलटा बसवला होता, म्हणून स्प्रिंगची वरची बैठक मोकळी फिरतच नव्हती. गाडीची उंची कमी केली होती, तरी स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक जुनीच, लांब, म्हणून तिचा कोन बिघडून ती ठोकत होती. तुम्ही आखूड लिंक टाकलीत. चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळलेले निघाले. गाडी जमिनीवर आली की ते रबर कायम पिळलेलंच राहणार, हे तुम्ही पोराला समजावत होतात आणि मी बाजूला उभा राहून शिकत होतो.

पण चाक काढून टायरची आतली बाजू तुम्ही उजेडाकडे धरलीत, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. रबरावर गोल चकचकीत पट्टा. शॉकअपवरची स्प्रिंगची खालची रिंग टायरला तासत होती. पुढच्या चाकाला शॉकअप आणि टायर एकत्रच वरखाली होतात, म्हणून खड्ड्यात काही वेगळं कळत नाही. वळणावर टायर आतल्या अंगाला दबतो तेव्हाच घासतो. म्हणजे घाटातच. आई मागे बसलेली असताना तो टायर फुटला असता तर? आणि त्या शहाण्याने मला गाणी ऐकायला सांगितली होती!

तुम्ही स्प्रिंगला हात न लावता खालच्या ब्रॅकेटवरून उंची वाढवलीत, तशी रिंग टायरच्या वर सरकली. शिवाय चाक थोडं बाहेर सरकवायला ५ मिलिमीटरचा स्पेसर, तोही चाकाचे नट पुरेसे आटे धरतायत ना हे दोनदा बघून. तासलेले टायर तुम्ही परत चढवू दिले नाहीत. अलाइनमेंट केल्याशिवाय घाटात जायचं नाही, असा दमही दिलात.

कोकणात काय, कुठेही काय, हत्यारं पैसे टाकले की मिळतात. समोरचा माणूस खोटं बोलत नाहीये असं धरून चालणारा मेस्त्री, डॉक्टर, तलाठी मिळणं हे नशीब. ज्याला ऐकून घ्यायचंच नाही त्याच्या केबिनला काच लावून काय उपयोग? तुमच्या गॅरेजला जांभ्याची उघडी भिंत आणि वर पत्रे, पण तिथे मला कोणी वेड्यात काढलं नाही. हे मी दहा जणांना सांगितलंय, अजून सांगणार.

गेल्या आठवड्यात आई गाडीत बसली. आंबोलीला जाऊन आलो. उतरताना ती मागे बसून बहिणीशी फोनवर बोलत होती, इतकी गाडी गप्प होती.

खारी हवा आट्यांना खाते, पावसाळा संपला की गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस मारायला आण, असं तुम्ही म्हणालात. आणतो. त्याआधी चतुर्थीला मात्र घरी या, पोरालाही घेऊन या. आईने उकडीचे मोदक तुमच्या नावाने वेगळे काढून ठेवायचं आत्ताच ठरवलंय.

तुमचा,
कुडाळचा गिऱ्हाईक