ताप येण्याआधी नोंदणी हवी

महोदय,

मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडला गेली तेव्हा व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आम्ही निमूटपणे भरला. पण पहिल्याच थंडीत ताप चढला तेव्हा जायचे कुठे, हे तिला ठाऊक नव्हते. आपल्याकडे अंगावर पुरळ उठले की थेट त्वचातज्ज्ञ गाठायची सवय. तिथे आधी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावे लागते आणि तज्ज्ञाकडे सहसा त्यांच्याच चिठ्ठीने जाता येते. ही नोंदणी विनामूल्य असून पत्त्याचा पुरावा नाही म्हणून ती नाकारू नये, असा एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, दंडक आहे. दवाखान्याच्या खिडकीवर मात्र वीजबिल मागून तिला परत पाठवले. (भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीच्या नावे वीजबिल कुठून येणार?) अखेर एनएचएसच्या १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या क्रमांकावर फोन केल्यावर शांतपणे विचारपूस झाली आणि कोपऱ्यावरच्या औषध दुकानातील फार्मासिस्टच्या सल्ल्यावर काम भागले.

परदेशी निघणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शन वर्गांत बँक खाते आणि सिमकार्ड यांवर तासभर बोलले जाते. त्यातली पाच मिनिटे जीपी नोंदणीला द्यावीत, ही आयोजकांना विनंती.

– एक पालक, पुणे