बाई, तुम्ही ते वजन उलटं केलंत

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

हे पत्र तुमच्या लेकीच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवता आलं असतं. पण ज्यातून तुम्ही मला बाहेर काढलंत ते मी वर्षानुवर्षं लपवून करत होतो, म्हणून आभार तरी चारचौघांत मानतो.

1998 ची दिवाळी तोंडावर आली होती. नवी बाजरी यायला लागली होती, दुकानात गर्दी होती, आणि तुम्ही पिशवी घेऊन आलात. तेव्हा आमच्याकडे तराजूच होता. पाच किलोची दोन लोखंडी वजनं होती, एक फळीवर आणि एक गल्ल्याखाली. लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं भरतात आणि त्या शिशावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. विकायच्या वजनातलं शिसं मी खरवडून काढलं होतं. शेतकऱ्याकडून माल घ्यायच्या वजनात जास्तीचं ठोकलं होतं. एका मापामागे शंभर ग्रॅम, म्हणजे क्विंटलला दोन किलो. अडाणी माणसं होती, पारड्याकडे बघून मान डोलवायची.

तुम्ही फळीवरचं वजन उचललंत, उलटं केलंत आणि त्या भोकात बोट घातलंत. बोलला काहीच नाहीत. गिऱ्हाइकं पांगेपर्यंत तुरीच्या पोत्यावर बसून राहिलात. मग हळूच विचारलंत, “रविवारी चर्चमध्ये दानपिशवी तूच फिरवतोस ना?”

मी म्हटलं, “बाई, धंद्यात एवढं चालतंच. दशांश मात्र कधी चुकवला नाही.”

“दहावा भाग देवाचा. मग उरलेले नऊ कुणाचे रे?”

बाई, मी ढोंगी होतो असं मला आजही म्हणता येत नाही. आमच्या ख्रिस्ती देवळात कवी नारायण वामन टिळकांचं पद म्हणताना माझ्या डोळ्यांत यायचं ते पाणी खरं होतं. सोमवारी गल्ल्याखाली जायचा तो हातही खराच होता. दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदत होतं, आणि तेच जास्त भयंकर होतं. देवाला सोडलंय असं कधी वाटलंच नाही, त्यामुळे परत फिरायचा प्रश्नच येत नव्हता. पवित्र शास्त्रात कर्मेल डोंगरावर संदेष्टा एलीया लोकांना म्हणाला होता, परमेश्वर आणि बाल हे परकं दैवत, दोन्हीकडे किती दिवस लटपटत राहणार? शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, हे तुम्हीच आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तो बालाच्या संदेष्ट्यांना नाही, देवाच्याच लोकांना विचारत होता, हे मला त्या दिवशी पोत्याजवळ उभं राहून कळलं.

संध्याकाळी तुम्ही घरी बोलावलंत. कंदिलाजवळ पवित्र शास्त्र उघडून त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायावर बोट ठेवलंत: पिशवीत एक मोठं, एक लहान अशी दोन वजनं ठेवू नकोस. माझंच दुकान कुणीतरी लिहून ठेवलं होतं. मग ‘लेवीय’ हे पुस्तक काढलंत. ज्याला फसवलं त्याला मुद्दल परत करायचं, वर पाचवा हिस्सा द्यायचा, आणि मगच दोषार्पण, म्हणजे अपराधासाठीचं अर्पण, घेऊन वेदीकडे जायचं. येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कय जकातदाराची गोष्ट लहानपणी आम्हाला झाडावर चढण्यापुरतीच आवडायची. तुम्ही तो झाडावरून उतरल्यानंतरचं वाचलंत. मोशेचं नियमशास्त्र वर पाचवा हिस्सा मागतं, तो फसवलेल्यांना चौपट देतो म्हणाला. येशू त्याच्या घरी उतरायला निघाला ते त्याने काहीही परत करण्याआधीच, हेही तुम्ही सांगितलंत, आणि तिथे मला रडू फुटलं. मला वाटत होतं, आधी सगळं फेडावं लागेल आणि मग देव माझ्याकडे बघेल.

घर कसं चालणार, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. नारायण वामन टिळकांचं सांगितलंत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार दुरावलं, लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दूर राहिल्या, आणि इतकं सोसूनही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते मोकळे झाले. “तुला तर फक्त शंभर ग्रॅम सोडायचेत,” तुम्ही म्हणालात.

वजनं मी विहिरीत टाकणार होतो. तुम्ही अडवलंत. दुरुस्तीवाल्याकडे नेऊन ती बरोबर करून घ्यायला आणि शिक्का मारून आणायला लावलंत. वह्या घेऊन चार रात्री माझ्याबरोबर बसलात, नावं काढलीत. पहिल्या तीन घरी तुम्ही स्वतः आलात, कारण माझे पाय उंबऱ्यातच अडखळत होते. एका म्हाताऱ्याने पैसे घेतले, मोजले आणि दार लावून घेतलं. एकीने चहा ठेवला. काही जण ऊसतोडीला गेले ते गावात परतलेच नाहीत, त्यांचं देणं माझ्या अंगावर अजून आहे.

त्या वर्षी धंदा बसला. भाऊ वेगळा झाला. हे मी लपवत नाही, कारण प्रामाणिक झालो आणि लगेच भरभराट झाली अशा साक्षी ऐकून मला भीती वाटते. तुम्ही तसं वचन मला कधीच दिलं नव्हतं. मोहही संपला नाही. पुढे एका पावसाळ्यात “माल ओला आहे” म्हणून कडता, म्हणजे वजनातली कपात, वाजवीपेक्षा जास्त धरला. रात्री झोप लागेना, तेव्हा पहाटे तुम्हाला फोन केला. तुम्ही एवढंच विचारलंत, “किती किलो? उजाडलं की जा.” आणि फोनवरच प्रार्थना केलीत.

तुम्ही चर्चच्या मंडळीत कुणालाच सांगितलं नाहीत. दानपिशवी माझ्या हातून काढून घ्यायला लावली नाहीत. हिशेब मिटेपर्यंत मी स्वतःच ती दुसऱ्याकडे दिली. पुन्हा हातात घेतली त्या रविवारी तुमच्या ओळीपाशी आलो, तुम्ही नाणं टाकलंत आणि माझ्या मनगटावर हात ठेवलात. त्या स्पर्शाचे आभार कसे मानावेत, मला सुचत नाही.

आता दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. जुनं वजन मात्र ठेवलंय. पुतण्या पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर यंदाची बाजरी पाठवतो. पाच किलो आहे, त्याच वजनाने तोललेली.

तुमचा,
शब्बाथ शाळेतला विद्यार्थी